रेघांच्या कापडाची गोधडी आणि तिचा आवक नंबर

सरकारी बालगृहाला हाताने शिवलेली गोधडी द्यायची तर नेमकं काय करावं लागतं, हे मला जून २०२४ मध्ये माहीत नव्हतं आणि सांगणारंही कुणी भेटत नव्हतं. पैसे द्यायचे तर खाते क्रमांक मिळतो. वह्या, धान्य, वाढदिवसाचं जेवण याची तिथल्या लोकांना सवय असते. गोधडी म्हटल्यावर फोनच्या पलीकडचा माणूस जरा थांबतो. नोव्हेंबरच्या शेवटी ती एकदाची पोचली. मधल्या काळात काय काय लागलं, कुठे थांबावं लागलं, खर्च किती आला, ते जमेल तसं लिहिते.

कापड आलं इचलकरंजीहून. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवल्यापासून ते गाव सुतावर जगतं. माझी नणंद तिथे दिलेली, त्यामुळे आमच्याकडे कोल्हापूरला येताना ती फळं आणत नाही, कटपीस आणते. शर्टिंगचे उरलेले तुकडे तिथे किलोवर मिळतात. मे महिन्यातल्या पिशवीत बघावं तर सगळ्या रेघाच. निळ्या, राखी, विटकरी, हिरवट; काही केसाएवढ्या बारीक, काही बोटभर रुंद. नवऱ्याने पिशवीत डोकावून, गल्लीतल्या झाडून सगळ्या आजोबांच्या नाडीच्या चड्ड्या होतील, असं जाहीर केलं. मला मात्र चौकोनांची गोधडी करायची होती. घरात गोधड्या आधीच उतू चालल्यात, म्हणून ही बाहेर द्यायची हे लगेच ठरलं.

शिवायच्या आधी विचारून घ्यायचं, हेही तेव्हाच ठरवलं. त्याला कारण २०१९ चा पूर. त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला मदत म्हणून ट्रकच्या ट्रक कपडे आले. त्यातल्या फाटक्या, मळक्या, बिनबटणांच्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले मी पाहिलेत. ते हलवायलाही पुन्हा माणसंच लागली. आपलं कपाट रिकामं होणं वेगळं आणि समोरच्याची नड भागणं वेगळं.

संस्थेचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातलं एक शासकीय बालगृह एवढं पुरे. फोन लागतो, पण अधीक्षक जागेवर असतील असं नाही. सकाळी अकराच्या आधी मुलांच्या शाळेची गडबड, दुपारी बालकल्याण समितीची कामं. साडेचारनंतर करा, असं तिथल्याच एका ताईंनी सांगितलं आणि ते खरं निघालं. अधीक्षक मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अटी सांगितल्या. कापड नवं हवं. मशीनमध्ये गरम पाण्यात धुता आलं पाहिजे, कारण खरूज, उवा, अंथरुणातली शी-शू हे सगळं त्यांच्याकडे रोजचं. बटण, टिकली, लेस, लोंबता दोरा काही नको. मग त्यांनी विचारलं, "किती देणार?"

एक, म्हटल्यावर त्या हसल्या. "एक गोधडी आणि हॉलमध्ये तीसेक मुलं. रात्रभर भांडणं सोडवत बसावं लागेल हो आम्हाला." मग त्यांनीच तोड काढली. आजारी मुलांना वेगळं ठेवायची एक छोटी खोली आहे, तिथल्या खाटेसाठी द्या. तिथे एका वेळी एकच मूल असतं, त्यामुळे ती कुणा एकाची होणार नाही. खाट तीन फूट बाय सहा फूट. हे माप मिळालं नसतं तर मी आपल्या मनाने काहीतरी शिवून बसले असते. तेव्हा पहिला फोन मापासाठी करा.

अर्ज मात्र लेखी लागतो. साध्या कागदावर, अधीक्षकांच्या नावे, विषय: "आजारी कक्षासाठी एक सुती गोधडी देणगी स्वरूपात देण्याबाबत." मजकुरात कापड नवीन आहे, धुऊन दिलं जाईल, मोबदल्याची अपेक्षा नाही, एवढी तीन वाक्यं. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर (आलेल्या कागदाचा नोंद क्रमांक) घालून पोच घ्यायची. माझी पोच १८ जूनची. "हो, आणा" असा फोन आला ९ जुलैला. मधल्या तीन आठवड्यांत मला दोनदा वाटलं की राहू दे, सोलापुरी चादर विकत घेऊन देऊन टाकावी. पण पोचेवरच्या नंबराचा एक धाक असतो. सरकारदरबारी आपली गोधडी नोंदली गेलीय म्हटल्यावर माघार घेणं बरं दिसेना.

कापड निवडण्यात माझा वेळ सगळ्यात जास्त गेला आणि तो जायलाच हवा. किलोवरच्या कटपीसमध्ये सुती आणि टेरिकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं कापड) एकत्र असतं, हाताला कळतंच असं नाही. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरायचा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवायचा. सुती दोरा सरळ जळत जातो, जळक्या कागदाचा वास येतो, राख बोटांत विरते. टेरिकॉटचा दोरा ज्योतीपासून अंग चोरतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. मण्यांचं कापड मी बाजूला काढलं. तापाने फणफणलेल्या पोराला घाम येणार, त्याला सुतीच हवं. शिवाय दोन्ही एकत्र शिवलं तर धुतल्यावर सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि गोधडीला फुगे येतात.

रंग जातो का, हे पाहायला ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबली. विटकरी रेघांच्या एका तुकड्याने रुमालावर गुलाबी डाग सोडला, तो बाद. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मिलच्या कापडाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवू नका.

आत काय घालायचं हा मोठा प्रश्न होता. आपल्याकडे आत जुनी लुगडी जातात आणि गोधडीची सगळी ऊब त्यातच असते. इथे अट नव्या कापडाची. पिंजलेला कापूस मशीनमध्ये धुतला की गोळा होतो. पॉलिफिलची शीट हलकी आणि स्वस्त, पण उकाड्यात नकोशी. शेवटी मांजरपाटाचे, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाचे, दोन थर घ्यायचं ठरवलं. मोठ्या पन्ह्याचा (रुंदीचा) घ्या, म्हणजे मधे जोड येत नाही. आणि तो आधी गरम पाण्यात घालून खळ काढून टाका. माझा मांजरपाट मीटरमागे चांगला दोन बोटं आटला; हे शिवल्यानंतर झालं असतं तर वरचे चौकोन आक्रसून गेले असते. तो वाळवायला मात्र जुलै हा महिना कुणी निवडू नये. कोल्हापुरात तेव्हा सूर्य रजेवर असतो. पंख्याखाली दोरी बांधली, तरी आठवडाभर घरात कुबट वास होता.

मग कटाई. तयार चौकोन सहा इंचाचा हवा, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच शिवण धरून साडेसहा इंचाचा कापायचा. आडवे आठ, उभे बारा, एकूण ९६ चौकोन. तयार माप ४८ बाय ७२ इंच. शर्टिंगचा पन्हा ५८ इंच असला तर एका रांगेत आठ चौकोन बसतात, त्यामुळे हिशोबाने दोन मीटर कापड पुरतं. तुकडे-तुकडे असतील तर तीन मीटर धरा. गोल पात्याचा कटर आणि त्याची चटई यांची किंमत पाहून मी कात्रीवरच भागवलं. जाड पुठ्ठ्याचा साडेसहा इंची चौकोन कापला आणि त्याच्या पाठीला पॉलिशपेपर चिकटवला. खरखरीत बाजू खाली असली की पुठ्ठा कापडावरून सरकत नाही आणि खडूची रेघ हलत नाही.

रेघांच्या कापडाचं एक सुख आहे. रेघ छापलेली नसून रंगीत सुताने विणलेली असेल, म्हणजे उलट-सुलट दोन्हीकडे सारखी दिसत असेल, तर ती रेघ म्हणजे कापडाचा धागाच. तिच्यावरून कात्री चालवली की कापणी आपोआप सरळ येते. छापील रेघेचा असा भरवसा नाही, ती धाग्याला तिरपी असू शकते. दुःख असं की साधं कापड वाकडी शिवण खपवून घेतं, रेघ घेत नाही. पाव सूत फरक पडला तरी रेघ शिवणीपाशी निमुळती होत जाते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून चौकोन कापताना शिवण रुंद पट्ट्याच्या मधोमध पडेल असं बघायचं. पट्ट्याच्या कडेवर शिवण कधी आणू नये.

मांडणीसाठी दिवाणखान्यातली टीपॉय बाहेर गेली. एक चौकोन उभ्या रेघांचा, शेजारचा आडव्या रेघांचा, अशी आळीपाळीने मांडणी केली. यात शेजारच्या रेघा एकमेकींना जुळवायची भानगडच उरत नाही. पांढऱ्या-काळ्या बारीक रेघांचे काही चौकोन डोळ्यांपुढे नाचायला लागले, ते काढून राखी घातले. ताप आलेल्या मुलाला ते नको. गडद-फिके नीट पसरलेत का हे कळायला मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहिला. रंग गेले की दोन गडद चौकोन कुठे चिकटलेत ते लगेच दिसतं. मग प्रत्येक रांग उचलून, दोऱ्यात ओवून, तिला रांगेच्या नंबराची चिठ्ठी टाचली. पंखा लावलेल्या खोलीत हे आधी करावं.

मशीनवरची शिलाई त्यामानाने पटकन उरकली. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावली आणि कापडाची कड तिला घासून नेली. पहिल्या रांगेच्या शिवणी डावीकडे दाबून इस्त्री केल्या, दुसरीच्या उजवीकडे. दोन रांगा जोडताना त्या एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांची टोकं जुळतात.

इथवर सगळं माझ्या आटोक्यात होतं. पुढचं काम आक्कांचं. आक्का आमच्या मागच्या बोळात राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, आणि आयुष्यभर वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवत आल्या आहेत. कापड बघून त्या म्हणाल्या, "खुळी का काय तू? नव्या कापडाची कुठं वाकळ करत्यात व्हय? चादर घे म्हणावं की इकत." मी अटी सांगितल्या. त्यांनी मांजरपाट दोन बोटांत चोळून पाहिला, कडक आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं अंगुस्तान घेऊन हजर झाल्या.

खाली अस्तर म्हणून मी साधी सुती सिंगल चादर घेतली होती. तिला जोड नसतो आणि कापड मीटरवर घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते. फरशीवर ती उलटी पसरून कडा चिकटपट्टीने ताणून बसवल्या, वर मांजरपाटाचे दोन थर, वर चौकोन. अस्तर आणि मांजरपाट चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जास्त ठेवले. आक्का जुन्या मऊ लुगड्यांची वाकळ थेट कडेपासून शिवायला घेतात. नवं कापड मात्र थरांवर घसरतं, त्यामुळे आधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके घातले आणि मग त्यांच्या पद्धतीने कडेपासून आत, गोल गोल धावदोरा.

माझे पहिले टाके पाहून आक्कांनी ते उसवायला लावले. मला ते सुबक वाटत होते. "बारीक घाल. लांब टाक्यात पोरांच्या पायाची बोटं अडकत्यात रात्रीची." त्यांनी आपला अंगठा टाक्याखाली घालून दाखवला, आणि खरंच दोरा नखात अडकला. मी आजवर टाक्याकडे फक्त दिसण्यासाठी पाहत आले होते.

नव्या कापडाच्या चार थरांतून सुई ढकलणं हे बोटांचं काम आहे. सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, मग मधल्या बोटातल्या अंगुस्तानाने मागून रेटायचं. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून ओढून. जास्त घेतला की गुंता होतो. गाठ वर ठेवायची नाही, हलका हिसका देऊन ती थरांच्या आत ओढून घ्यायची. दोन ओळींत दोन बोटं अंतर. आम्ही दुपारी तीन ते पाच बसायचो. ७ सप्टेंबरला गणपती आले, फरशी आराशीला लागली आणि गोधडी गुंडाळून माळ्यावर गेली. गौरी-गणपती झाल्यावर काम परत सुरू झालं ते दसऱ्यापर्यंत चाललं. आक्कांना मजुरी विचारली तर रागावल्या. चहा मात्र दर वेळी आल्याचाच लागायचा.

कडेच्या गोटासाठी अडीच इंचाच्या पट्ट्या मी उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, कापल्या. कापड जास्त जातं, पण सरळ कापलेल्या गोटाची घडी नेमकी एका धाग्यावर येते आणि घासून घासून तिथेच फाटते. उरेब पट्टीवर तो भार वाटला जातो. शिवाय रेघा तिरप्या झाल्याने कडेला सुंदर वळसे दिसतात. अधीक्षक मॅडमनी मधे फोनवर आणखी एक सांगितलं होतं, की एका कोपऱ्यात पाठीमागून साधा पांढरा तुकडा लावा, त्यावर आम्ही मार्करने खोली नंबर घालतो. देणाऱ्याचं नाव कुठेही नको. ते मलाही बरंच वाटलं.

देण्याआधी घरच्या मशीनमध्ये ६० अंशांवर धुऊन पाहिली. लांबी इंचभर कमी झाली, रंग गेला नाही, एकही दोरा सुटला नाही. वाळलेली गोधडी साधारण सव्वा किलो भरली.

खर्च असा: किलोभर कटपीस २८० रुपये, मांजरपाट साडेचार मीटर ३६०, चादर ३५०, दोरे १२०, सुया आणि अंगुस्तान ६०. एकूण १,१७० रुपये, जाणं-येणं वेगळं. तयार चादर याहून स्वस्त मिळते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

गोधडी तयार, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. फोन केला तर कार्यालयातून उत्तर आलं, "आचारसंहिता आहे, आता देणगीचा कार्यक्रम नको." कार्यक्रम नाहीच करायचा, मी फक्त पिशवी ठेवून जाते, हे सांगून पाहिलं. "मतमोजणी होऊ द्या." झालं! रेघांच्या गोधडीमुळे कुठल्या उमेदवाराचं पारडं जड होणार होतं, कोण जाणे. पण निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामावर गेलेलं असताना जो माणूस खुर्चीत उरलाय, त्याला जोखीम घ्यायची नसते, हेही समजण्यासारखं आहे. वीस नोव्हेंबरला मतदान, तेवीसला निकाल. मी अठ्ठावीसला गेले.

फाटकावर वहीत नाव, वेळ, ओळखपत्राचा नंबर. पोच जवळ होती म्हणून पुढचं सोपं गेलं. आवक नंबरावरून लिपिकाने फाइल काढली. भांडारपालांनी गोधडी टेबलावर उलगडली, दोन्ही बाजू पाहिल्या, कडेवरून हात फिरवला, चारी कोपरे ओढून पाहिले. मग साठा नोंदवहीत लिहिलं: "गोधडी, सुती, नवीन, नग १." पाच महिन्यांचं काम एका ओळीत मावलं, याची मला गंमत वाटली. पावती वस्तूची मिळते, तिच्यावर रक्कम नसते. कुणी आयकराचा हिशोब मनात धरून असेल तर, वस्तूरूपात दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही.

आजारी खोलीपर्यंत मला जाता आलं नाही आणि मुलांसोबत फोटोचा प्रश्नच नव्हता. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र काहीही प्रसिद्ध करता येत नाही. माझ्यासोबत आलेली भाची जरा हिरमुसली. दिल्याचा फोटो हवाच असेल तर आपल्या घरी, फरशीवर पसरलेली असताना काढून ठेवावा.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. गोधडी वापरात आहे, पण ती धुवायला गेली की त्या दिवशी खाटेवर काही नसतं, तेव्हा जमलं तर आणखी एक द्या. आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, हातावेगळ्या करायच्या तर दोन करू, एकीला पोरं सोडत न्हाईत तवर दुसरी धुऊन होईल आणि तिसरी पावसाळ्यात वाळत पडंल. दुसरा अर्ज दिलाय, विषयात "नग २" घातलंय. आधारची झेरॉक्स या वेळीही मागितली, मागची त्याच फाइलमध्ये असून. तेव्हा दोन-तीन जास्तीच्या काढून ठेवा.